भिंतीतल्या बेवारस वायरी आणि घराचा अलार्म

अमरावती-अकोल्यात घराला कुलूप लावून महिना-दोन महिने पुण्याला नाहीतर नागपूरला मुलांकडे राहायला जाणारी वडीलधारी मंडळी आता गल्लोगल्ली आहेत. त्यातूनच घरी अलार्म बसवण्याचा विचार निघतो. दुकानातून माणूस येतो, दाराजवळचा एखादा जुना बोर्ड उघडतो आणि आतून चार-सहा वायरी बाहेर येतात. त्या कुठून आल्या, कुठे जातात, घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. एखादी जोडी पलंगामागच्या कोऱ्या प्लेटखाली गुंडाळून ठेवलेली असते, खिडकीच्या चौकटीतून चिकटपट्टी लावलेलं टोक डोकावत असतं, जिन्याखालच्या डब्यात बारीक वायरींचा झुबका असतो. घर बांधणारे वडील हयात नसतात, मिस्त्रीचा पत्ता नसतो, फ्लॅट असेल तर बिल्डरने दिलेल्या नकाशात फक्त खोल्या असतात. मग दोन सल्ले मिळतात. पहिला, ‘बारीक वायर आहे, फोनचीच असणार, हिलाच जोडून टाकू.’ दुसरा, ‘कशाला डोकं लावता, कापा आणि नवी टाका.’ दोन्ही सल्ले एकाच कारणाने धोक्याचे आहेत, कारण दोन्हींत वायर न ओळखताच तिचा निकाल लावलेला असतो. रंग, जाडी किंवा ती जिथून डोकावते ती जागा, यांतल्या कशानेही वायर ओळखली जात नाही. तिची दोन्ही टोकं सापडली आणि घरातली प्रत्येक वीज चालू असताना व बंद असताना ती मोजली, तरच ती ओळखली म्हणायची. जिच्याबाबत एवढं झालेलं नाही ती वायर अलार्मला जोडूही नये आणि कापूही नये.

हा आग्रह फाजील वाटेल, पण वऱ्हाडातल्या एखाद्या जुन्या घराच्या भिंतीत काय काय जमा झालेलं असतं ते आधी बघा. मूळ वायरिंग लाकडी पट्टीवरचं, त्यावर कधीतरी प्लास्टिकचं केसिंग आलं, वरचा मजला चढवला तेव्हा पाइप भिंतीत गेले. मग टेलिफोन आला, केबल टीव्ही आला, फाटकाची बेल आली. बोअरच्या मोटरचं स्टार्टर ओसरीत, मोटर अंगणात, आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी किती ते कळावं म्हणून बसवलेल्या यंत्राच्या बारीक वायरी खाली स्वयंपाकघरापर्यंत. भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर आला आणि त्याची वेगळी लाइन घरभर फिरली. अलीकडे कॅमेरे आले, गच्चीवर सौर पॅनेल आले. प्रत्येक वेळी नवीन माणूस आला, त्याने आपलं काम केलं आणि आधीच्याचं तसंच सोडलं. त्यातच घराच्या वाटण्या झाल्या असतील तर प्रकरण आणखी गुंतलेलं असतं. एका वाड्याची दोन घरं झाली, दोन मीटर आले, मधली भिंत उठली. पण जुन्या वायरी त्या भिंतीतून आरपार तशाच राहिल्या. तुमच्या खोलीतल्या बोर्डात भावाच्या मीटरवरची वायर असू शकते. तुमचं मेन स्विच बंद केल्याने तिला काहीच फरक पडत नाही.

दिसण्यावर भरवसा का ठेवायचा नाही, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण फाटकावरची बेल. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये दाराची घंटी बहुधा ट्रान्सफॉर्मरवर, कमी व्होल्टच्या विजेवर चालते. त्यामुळे तिकडच्या माहितीत बेलची वायर हातात धरायला हरकत नाही असंच गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे बहुतेक बेल थेट २३० व्होल्टवर चालतात. फाटकाच्या खांबातलं ते बटण, त्याच्यामागची ती कृश जोडी, सगळं घरातल्या पंख्याइतकंच जिवंत असतं. अलार्मवाला दाराजवळ वायर शोधतो तेव्हा पहिली सापडते ती नेमकी हीच. दुसरं उदाहरण खास आपल्या भागातलं, कूलरचं. हिवाळ्यात कूलर काढून गच्चीवर किंवा मागच्या सपरीत जातो आणि त्याची वायर खिडकीच्या कोपऱ्यात लोंबत राहते किंवा चौकटीत खोचलेली असते. अलार्मचा चुंबकी सेन्सर बसतो तोही त्याच कोपऱ्यात. नोव्हेंबरात ही वायर मृत दिसते, कारण तिचं बटण बंद आहे. एप्रिलमध्ये कुणीतरी सवयीने ते बटण दाबतं आणि १२ व्होल्टसाठी बनलेल्या अलार्मच्या पेटीत २३० व्होल्ट शिरतात. यात पेटी जळते हे नुकसान लहान. सेन्सरच्या उघड्या स्क्रूला हात लागला तर ते मोठं.

रंगांचंही तेच. नियमाप्रमाणे फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, आर्थिंग हिरवं किंवा हिरवं-पिवळं. नव्या इमारतीत हे बऱ्यापैकी पाळलेलं दिसतं. पण जुन्या घरात हाताशी जे बंडल होतं त्याचाच तुकडा ओढला जायचा, आणि हिरव्या वायरीतून फेज नेलेला सापडणं ही काही फार नवलाची गोष्ट नाही. बारीक वायरींत मात्र रचनेवरून अंदाज बांधता येतो. निळ्या, नारिंगी, हिरव्या, तपकिरी अशा पीळ दिलेल्या चार जोड्या असल्या तर ती इंटरनेटची केबल. मध्ये एक तांब्याची काडी आणि भोवती जाळी असली तर टीव्हीची. तसल्याच जाळीदार वायरीच्या जोडीला आणखी तीन वायरी असल्या तर कॅमेऱ्याची. एक किंवा दोन जोड्या, अखंड एकतारी, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या, तर फोनची किंवा इंटरकॉमची. हा अंदाजच समजावा. शोध कुठून सुरू करायचा तेवढंच त्यातून कळतं. आणि फोनची वायर म्हणजे निरुपद्रवी असंही नाही: तांब्याची लँडलाइन चालू असेल तर तिच्यात एरवी सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतात आणि घंटी वाजताना ७५ व्होल्टच्या वर एसी जातो. फोन काढून टाकला तरी लाइन बंद करण्याचा अर्ज कुणी केलाच नसेल, हेही शक्य आहे.

कामाची सुरुवात मेन बंद करून करायची हे सगळ्यांना माहीत असतं. वऱ्हाडातल्या घरात तेवढं पुरत नाही. मेन बंद झालं की इन्व्हर्टर जागा होतो आणि निम्म्या घराला पुन्हा २३० व्होल्ट देतो. त्याचं काम तेच आहे. उलट, इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करून मेन चालू ठेवलं तर बहुतेक यंत्रांत महावितरणची वीज त्यातून सरळ पुढे जाते. म्हणून दोन्ही बंद करायची: आधी इन्व्हर्टर, मग मेन, आणि मग एखादा इन्व्हर्टरवरचा दिवा लावून बघायचा की घर खरंच अंधारलं आहे. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर ग्रिडला जोडलेली यंत्रणा मेन गेल्यावर घराला वीज देणं थांबवते, पण पॅनेलपासून यंत्रापर्यंतच्या वायरींत ऊन असेपर्यंत डीसी वीज राहतेच, आणि ती काही शे व्होल्टपर्यंत असू शकते. त्या वायरींना या कामात हात लावायचं कारणच नाही. त्या कुठून उतरतात तेवढं मात्र ठाऊक पाहिजे. दुसरा मीटर असलेल्या घरात शेजारच्या भावाला किंवा भाडेकरूला सांगून त्यांचंही मेन थोडा वेळ बंद ठेवावं लागतं. यावरून रुसवे होतात, पण पर्याय नाही.

मोजण्याकडे वळण्याआधी हे काम कुणी करायचं ते सांगतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर घरातल्या वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि परवाना असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हायला हवं. म्हणजे २३० व्होल्टचा संबंध असलेल्या प्रत्येक डब्यात हात वायरमनचाच. घरमालकाने करायचं ते वेगळं आणि तितकंच महत्त्वाचं आहे: कागद-पेन घेऊन नकाशा काढणं, कुठला दिवा कुठल्या बटणावर ते सांगणं, जुनी आठवण काढणं, आणि कामाची घाई होऊ न देणं. मोजणी कशी होते हे तुम्हाला कळत असेल तर ती नीट झाली की नुसती झाल्यासारखी झाली, हेही कळेल.

टेस्टर हे आपल्या वायरमनचं लाडकं हत्यार. तो पेटला तर वीज आहे एवढं कळतं. नाही पेटला तर वीज नाही असं त्यावरून सांगता येत नाही. टेस्टर धरणाऱ्याच्या अंगातून किंचित प्रवाह जमिनीत जातो तेव्हाच आतला निऑन उजळतो. माणूस प्लास्टिकच्या खुर्चीवर किंवा कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असेल, दुपारचं ऊन खोलीत असेल, तर उजेड दिसतच नाही. मल्टिमीटरची खोड नेमकी उलट. एकाच पाइपात चालू वायरीशेजारून जाणारी, दोन्हीकडून सुटी असलेली वायर मोजली तर डिजिटल मीटर ४०, ७०, कधी ९० व्होल्टसुद्धा दाखवतो. ती शेजारणीकडून नुसती झिरपलेली वीज असते, तिच्यात दम नसतो. खरी की झिरपलेली हे ठरवायला वायरमनने होल्डरमधला साधा पिवळा बल्ब त्या वायरीवर लावून बघावा: झिरपलेली असेल तर मीटरचा आकडा कोसळतो, खरी असेल तर बल्ब पेटतो. आणि वीज नाही असं म्हणण्याआधी तीन पायऱ्या चुकवू नयेत. मीटर आधी चालू प्लगवर तपासायचा, मग अनोळखी वायरीवर, मग पुन्हा चालू प्लगवर. मधल्या वेळात मीटरची बॅटरी गेली किंवा पिन सुटली तर पडद्यावरचा शून्य हा मीटरचा असतो, वायरीचा नसतो.

यापुढची गोष्ट बहुतेक जण गाळतात. एकदा मोजून शून्य आलं म्हणजे वायर मृत, असं ते धरून चालतात. जिन्यातला दिवा दोन बटणांवर चालतो. त्यामधली वायर एका बटणाच्या एका स्थितीत जिवंत आणि दुसऱ्या स्थितीत मृत असते. फाटकावरचा दिवा अंधार पडल्यावर आपोआप लागत असेल तर त्याची वायर दुपारी शून्य दाखवेल आणि संध्याकाळी सातला २३०. मोटरला टायमर असेल तर पहाटे. म्हणून आधी टोकं सुटी आणि सुरक्षित करून ठेवायची, मग मेन चालू करायचं आणि घरातलं प्रत्येक बटण एकेक करून दाबत मीटरकडे बघायचं: बेल, गीझर, कूलरचे सगळे पॉइंट, मोटर, जिना, गच्ची. मग मेन काढून फक्त इन्व्हर्टरवर तेच पुन्हा. कंटाळवाणं काम आहे आणि दोन माणसं लागतात. एक बटणाजवळ, एक मीटरजवळ. पण यात वायरीचा स्वभाव कळतो. आकडा कुठल्या बटणाला हलला त्यावरून तिचं गाव सापडतं.

ज्या वायरी या परीक्षेत मृत ठरल्या त्यांचं दुसरं टोक शोधायचं. वीज बंद ठेवून एका टोकाशी जोडीच्या दोन वायरी एकमेकींना पिळायच्या आणि घरभर सापडलेल्या प्रत्येक जोडीवर मीटरचा बझर लावत फिरायचं. जिथे बीप वाजला ते दुसरं टोक. फोन-नेटचं काम करणाऱ्यांकडे केबल ट्रॅकर असतो. एका टोकाला सूर सोडणारी डबी आणि हातात तो सूर ऐकणारी कांडी. भिंतीवरून कांडी फिरवली की वायर कुठे वळली तेही बऱ्याचदा कळतं. ही डबी चालू वायरीला लावली तर ती जळते, म्हणून ती शेवटी. पण त्याआधी मीटरवरचा ओहमचा आकडा वाचायला शिका, कारण तो बझरपेक्षा जास्त बोलतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे ०.०९ ओहम. म्हणजे वीस मीटर लांब जोडी, टोकाला पिळलेली, जाऊन-येऊन चाळीस मीटर, साडेतीन ओहमच्या आसपास दाखवायला हवी. मीटरच्या स्वतःच्या पिनांचा रोध आधी मोजून वजा करा. आकडा साडेतीन आला तर वायर घरातल्या घरात आहे आणि धड आहे. चाळीस आला तर मध्ये कुठेतरी कुजका जोड आहे. मीटरने आकडा न देता पल्ल्याबाहेर (OL) दाखवलं तर टोक उघडं आहे, किंवा वायर तुटली आहे. आणि टोक न पिळताच काही हजार ओहम, समजा दोन-अडीच ते दहा हजारांच्या दरम्यान, स्थिर आकडा आला तर कान टवकारा: पलीकडे बहुधा कुणीतरी अलार्मसाठीच रेझिस्टन्स बसवलेला आहे. आधीच्या मालकाची किंवा बिल्डरची अलार्मची लाइन तुमच्या हाती लागली असेल.

फ्लॅट-स्कीममध्ये असं घडू शकतं, आणि तो सगळ्यात समाधानाचा भाग. टोक न पिळता जोडी जवळजवळ शून्य ओहम दाखवत असेल तर मीटर बझरवर ठेवून एकेक दार-खिडकी उघडत जा. एखादं दार उघडताच बीप थांबला तर त्या चौकटीत चुंबकाने चालणारा रीड स्विच पुरलेला आहे. त्यावर रंगाचे तीन हात बसलेले असल्याने तो डोळ्यांना दिसत नव्हता इतकंच. दारातला चुंबक दुरुस्तीत निघून गेला असेल तर बीप येणारच नाही; तेव्हा हातात छोटा चुंबक घेऊन चौकटीच्या वरच्या आणि बाजूच्या कडेने फिरवून बघा. अलार्मच्या दृष्टीने ही सोन्यासारखी लाइन आहे, कारण दार उघडलं किंवा वायर कापली, दोन्ही वेळी पेटीला सारखंच कळतं.

पण ओळख पटली म्हणजे वायर कामाची ठरली, असंही नाही. सेन्सर दहा-वीस मिलिॲम्पिअरवर भागवतो, त्याला साडेतीन ओहमची वायर चालते. सायरनला मात्र एक ॲम्पिअर लागला तर त्याच वायरीवर साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि बाराऐवजी साडेआठ पोचतात. भोंगा कुथत वाजतो. त्याला जाड वायर नवीनच टाकावी. स्वस्त कॅमेरा-केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, तिचा रोध तांब्याच्या दीडपट धरा; टोक ब्लेडने खरवडलं की आतून पांढरं दिसतं. याखेरीज आपल्या मातीचा हिशेब वेगळा. काळी रेगड जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरची भिंत दर वर्षी थोडी हलते. भिंतीला तडा गेलेल्या जागी आतला पाइपही तुटतो आणि वायर ताणली जाते. दाराची चौकट काही मिलिमीटर सरकली तर चुंबक आणि स्विच यांतलं अंतर वाढतं आणि मध्यरात्री कारण नसताना भोंगा सुटतो. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात भिंतींना लोणा लागतो, तिथे जोडांवर तांबं हिरवं पडलेलं सापडतं. म्हणून ओहमचा आकडा एकदा घेऊन भागत नाही. मीटर लावून ठेवून दार जोरात आपटा, डबा हलवा, वायर किंचित ओढा. आकडा नाचला तर ती वायर विश्वासाची नाही, मग ती कितीही ओळखीची असो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. बिनतारी अलार्म मिळतात, मोबाइलवर संदेश देतात, मग वायरींच्या मागे लागायचं कशाला? आक्षेप निम्मा बरोबर आहे. ज्या दाराशी वायर सापडत नाही किंवा धड नाही, तिथे बिनतारी सेन्सर हाच शहाणपणाचा मार्ग. पण बिनतारी पेटीलाही वीज लागते, भिंतीत भोकं पाडावी लागतात, आणि ड्रिलच्या वाटेत तीच बेवारस वायर असते. शिवाय आपल्या उन्हाचा प्रश्न आहे. बिनतारी संच विकताना बहुधा हालचाल टिपणारे सेन्सर जास्त दिले जातात, आणि हा सेन्सर माणसाच्या अंगची उष्णता नुसती मोजत नाही, ती भोवतालच्या भिंतीपेक्षा किती वेगळी आहे ते बघतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कुलूपबंद घरातली भिंत त्या दिवसांत माणसाच्या कातडीइतकीच तापलेली असते, आणि मग सेन्सरला माणूस व भिंत यांतला फरक अंधुक दिसतो. चांगल्या कंपनीच्या सेन्सरमध्ये तापमानाप्रमाणे जुळवून घेण्याची सोय असते. तिने अडचण कमी होते, नाहीशी होत नाही. लोक घर बंद करून बाहेर पडतात ते नेमक्या याच महिन्यांत. दाराच्या चुंबकी स्विचला उकाड्याशी काही देणंघेणं नाही. म्हणूनच दाराशी आधीच पोचलेली धड वायर इथे मोलाची आहे. तिच्यावर थोडा वेळ घालवणं म्हणजे हौस नव्हे. लोखंडी चॅनल गेटला मात्र साधा स्विच चालत नाही, लोखंड चुंबकाचा जोर खाऊन टाकतं. तिथे जास्त अंतराचा, लोखंडी दारासाठीचाच मागून घ्या. पेटीतली १२ व्होल्टची बॅटरीही उन्हाला भिते: तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण अर्धं होतं. तेव्हा पेटी पश्चिमेच्या भिंतीवर लावू देऊ नका.

दुसरा आक्षेप कापून टाकण्याचा. जी वायर कुणाचीच नाही ती कापली तर काय बिघडलं? बिघडतं ते असं, की ती कुणाचीच नाही हे अजून सिद्ध झालेलं नसतं. मृत दिसणारी वायर न्यूट्रल असू शकते. न्यूट्रलवर टेस्टर पेटत नाही. ती कापली तर तिच्यावर अवलंबून असलेली उपकरणं बंद पडतात, पण बटण चालू असेल तर उपकरणातून येऊन कापलेल्या टोकाशी फेज उभा राहतो. टोक आता जिवंत आणि रंगाने काळं, म्हणजे सगळे ज्याला निर्धोक समजतात तसं. तीन फेजच्या घरात सामाईक न्यूट्रल तुटला तर काही उपकरणांवर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. टीव्ही आणि फ्रिज एकाच मिनिटात जातात. वाटणी झालेल्या वाड्यात तर कापलेली वायर भावाच्या देवघराची निघायची. कापायचीच असेल तर दोन्ही टोकं सापडल्यावर, दोन्हीकडून सुटी करून, आणि शक्य तर ओढून बाहेर काढून. तिच्याच टोकाला नवी वायर बांधून ओढली तर जुना पाइप फुकटात वापरायला मिळतो. मात्र त्या पाइपात २३० व्होल्टच्या वायरी असतील तर अलार्मची वायर त्यात घालू नये, दोन्हींचे पाइप वेगळे ठेवावेत.

तिसरं म्हणणं असं की हे सगळं अलार्मवाल्याचं काम, पैसे त्याला देतोय. व्यवहारात अलार्मवाल्याला १२ व्होल्टचं कळतं, वायरमनला २३० चं, आणि अनोळखी वायर दोघांच्या मधोमध पडते. अलार्मवाला म्हणतो ही लाइटची असेल, वायरमन म्हणतो ही तुमच्या कॅमेऱ्याची. म्हणून दोघांना एकाच दिवशी बोलवा. आधी वायरमन, मग तो असतानाच अलार्मवाला. मजुरी थोडी जास्त जाईल. फ्लॅट नवीन असेल तर सोसायटीच्या किंवा बिल्डरच्या कार्यालयात वायरिंगच्या पाइपांचा नकाशा लेखी मागा. दहातल्या नऊ वेळा तो मिळणार नाही असं धरून चाला, पण त्याच इमारतीत वरच्या-खालच्या फ्लॅटमध्ये वायरी बहुधा त्याच जागी असतात, आणि तिथे कुणी आधीच डबे उघडलेले असतील तर तुमचं निम्मं काम झालं.

एवढं करूनही दोन-तीन वायरी अशा उरतात की त्यांचं दुसरं टोक सापडत नाही. त्यांचं प्रत्येक टोक वेगवेगळ्या कनेक्टरमध्ये बंद करा, एकमेकींना पिळून एकाच चिकटपट्टीखाली ठेवू नका. उन्हाळ्यात चिकटपट्टीचा डिंक वितळतो आणि टोकं उघडी पडतात. डबा प्लास्टर करून बुजवू नका, कोरी प्लेट लावा. प्रत्येकीला चिठ्ठी बांधा: कुठे सापडली, कुठल्या तारखेला मोजली, मेनवर किती, इन्व्हर्टरवर किती, ओहम किती. हाच मजकूर घराच्या नकाशासकट एका कागदावर घेऊन अलार्मच्या पेटीच्या झाकणात आतून चिकटवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. ही मोजणी हिवाळ्यात केली असेल तर ती अर्धीच झाली असं समजा. मार्चअखेर कूलर खाली उतरले, त्यांचे पंप लागले, बोअरची मोटर दिवसातून दोनदा चालू लागली की वायरमनकडून त्याच टोकांवर पुन्हा मीटर लावून घ्या. एखाद्या टोकाचा आकडा बदलला तर त्या चिठ्ठीवर लाल पेनाने तसं लिहा, आणि त्या डब्यातून अलार्मची वायर जात असेल तर ती त्याच दिवशी दुसऱ्या वाटेने फिरवून घ्या.